मोहाचे फूल आणि मोहाचे बीज : एका गृहीताची चिकित्सा

मोहाच्या वृक्षासंबंधी गेल्या सव्वादोनशे वर्षांत जेवढे लिहिले गेले, तेवढे मध्य भारतातील दुसऱ्या एखाद्या रानटी खाद्य वनस्पतीसंबंधी क्वचितच लिहिले गेले असेल. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ सालच्या पहिल्याच खंडात चार्ल्स हॅमिल्टन यांनी या वृक्षाचे वर्णन प्रसिद्ध केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग यांनी त्याला ‘बॅसिया लॅटिफोलिया’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे जॉर्ज वॉट यांच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात, थिओडोर कूक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीत, ट्रूप यांच्या १९२१ सालच्या वनसंवर्धनविषयक ग्रंथात आणि ‘वेल्थ ऑफ इंडिया’च्या खंडांत मोहाला मानाचे स्थान मिळाले. आज हा वृक्ष ‘मधुका लाँगिफोलिया’ या जातीत, ‘लॅटिफोलिया’ या प्रकाराखाली धरला जातो. ज्या कुलात चिकू, बकुळ आणि खिरणी आहेत त्याच कुलातील तो असून, मराठी परिभाषेने त्या कुलाला ‘मधूक कुल’ असे नाव देऊन मोहाचे श्रेष्ठत्व मान्यच केले आहे.

एवढे विपुल लेखन असूनही एक साधा प्रश्न बहुधा चुकीच्या रीतीने विचारला गेला आहे. मोहाची फुले वेचल्याने मोहाचे पुनरुत्पादन खुंटते काय, हा तो प्रश्न. वनव्यवस्थापनाच्या बाजूने लिहिणारे त्याचे उत्तर ‘होय’ असे देण्याकडे झुकतात: फूल गेले की फळ गेले, फळ गेले की रोप गेले, अशी ती तर्कसरणी असते. आदिवासी जीवनाविषयी आस्थेने लिहिणारे याच्या उलट टोकाला जातात. त्यांच्या मते मोहाचा सर्व संग्रह निरुपद्रवी होय, कारण झाड आपण होऊन जे टाकते तेच माणूस उचलतो. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोहोंच्या बुडाशी एकच गृहीत आहे, ते म्हणजे ‘मोहाचे फूल’ ही एक अखंड वस्तू आहे आणि जे वेचले जाते ते फूलच होय. हे गृहीत फुलाच्या रचनेशी ताडून पाहिले असता टिकत नाही.

मोहाचे फूल नीट पाहण्यास फांदीकडे जावे लागते; टोपलीतल्या फुलांवरून ते कळत नाही. पानगळ होऊन गेलेल्या डहाळ्यांच्या टोकांशी, फाल्गुन-चैत्रात, तांबूस लवेने आच्छादलेल्या कळ्यांचे झुपके लोंबू लागतात. प्रत्येक फुलाला जाड, चिवट अशा चार संदलांचा संवर्त असतो. त्याच्या आत मलईच्या रंगाचा, मांसल आणि फुगीर नळीसारखा पुष्पमुकुट असतो. त्याच्या वरच्या कडेला सात-आठ किंवा त्याहून अधिक लहान पाळ्या असतात. वीस ते तीसच्या आसपास असलेली केसरदले स्वतंत्रपणे उभी नसतात. त्यांचे वृंत इतके आखूड असतात की परागकोश पुष्पमुकुटाच्या आतल्या अंगालाच जडवल्यासारखे दिसतात. मध्यभागी लवदार किंजपुट आणि त्यातून निघालेला लांब, दोऱ्यासारखा किंजल असतो. फूल खाली लोंबत असल्यामुळे हा किंजल नळीतून बाहेर येऊन जमिनीच्या दिशेने डोकावतो.

या रचनेतील निर्णायक गोष्ट अशी की पुष्पमुकुट आणि केसरदले ही जोडलेली आहेत, तर किंजमंडल आणि संवर्त ही त्यांच्यापासून सुटी आहेत. रात्री उत्तररात्रीच्या सुमारास पुष्पमुकुट गळतो तेव्हा तो आपल्याबरोबर सर्व परागकोश घेऊन जातो. देठावर संवर्त, किंजपुट आणि किंजल शिल्लक राहतात. जमिनीवर पडलेल्या प्रत्येक ‘फुलाच्या’ बुडाशी एक छिद्र असते, ते किंजल जेथून निसटला तेथील होय. बकुळीचे फूलही याच रीतीने गळते आणि याच कारणाने त्याच्या मधोमध छिद्र असते. महाराष्ट्रातील मुली बकुळीचे वळेसर ओवतात ते या छिद्राच्या आधारावर. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या हाती दूर्वा आणि मधूकपुष्पांची माळ आहे. मोहाच्या फुलांची माळ कशी होत असेल, असा प्रश्न या रसाळ, चिकट फुलांशी परिचय असलेल्या वाचकाला पडतो. त्याचे उत्तरही बहुधा या छिद्रातच असावे. प्रस्तुत विवेचनापुरते त्याचे महत्त्व निराळे आहे. वेचणाऱ्याच्या टोपलीत जे येते त्यात किंजपुट नसते, आणि म्हणून त्यात भावी फळाचा अंशही नसतो. जे वेचले जाते ते रिकामे झालेले पुंभाग आणि त्यांचे मांसल आवरण होय.

ही रचना जुन्या ग्रंथकारांना दिसली नव्हती असे मुळीच नाही. केसरदलांची संख्या, त्यांच्या ओळी, किंजलाची लांबी, किंजपुटातील कप्पे या सर्वांची नोंद वनश्रींत काळजीपूर्वक केलेली आढळते. उणीव निरीक्षणाची नव्हे, पद्धतीची आहे. वनश्रीचे वर्णन दाबून वाळवलेल्या नमुन्यावरून केलेले असते आणि वाळलेल्या नमुन्याला काळ नसतो. त्यात कळी, उमललेले फूल आणि मुकुट गळलेला देठ ही एकाच कागदावर शेजारी शेजारी चिकटवलेली असतात. कोणते अगोदर, कोणते मागाहून आणि किती अंतराने, हे कागद सांगत नाही. ‘किंजल बाहेर आलेला’ असे दोन शब्द लिहून वर्णनकार पुढे जातो. परंतु मोहाच्या बाबतीत हे दोन शब्द जीवनचक्राचा एक संपूर्ण टप्पा झाकून टाकतात, कारण किंजल बाहेर येतो तो फूल उमलण्याच्या अगोदर. पुष्पमुकुट अजून मिटलेला असतानाच त्याच्या टोकातून किंजल्क बाहेर पडतो आणि पराग स्वीकारण्यास सिद्ध होतो. परागकोश मागाहून फुटतात. स्त्री-अवयव प्रथम पक्व होण्याचा हा प्रकार वनस्पतिसृष्टीत दुर्मिळ नाही. मोहात तो इतका उघड आहे की भिंगाशिवाय दिसतो, आणि तरीही आर्थिक वनस्पतिविज्ञानाच्या ग्रंथांत तो सहसा येत नाही. त्या ग्रंथांचे लक्ष फुलातील साखरेकडे, बियांतील तेलाकडे आणि दोहोंच्या भावाकडे होते. वाळलेल्या पुष्पमुकुटात निम्म्याहून अधिक साखर असते ही गोष्ट लक्षात घेता त्यांना फार दोष देता येणार नाही. मात्र कोशकाराची दृष्टी वनस्पतिशास्त्रज्ञानेही तशीच उचलावी, हे समर्थनीय ठरत नाही.

उलट दिशेची घाईही तितकीच टाळण्याजोगी आहे. किंजमंडल अगोदर पक्व होते, म्हणून मोहात परपरागणच घडते, असा निष्कर्ष पाठ्यपुस्तकी पद्धतीने काढला जातो. तो अपुरा आहे. अवयवांच्या पक्वतेतील अंतर एका फुलापुरते असते. झाडावर एकाच रात्री निरनिराळ्या वयांची असंख्य फुले असतात. एका झुपक्यातील कळीचा किंजल्क पराग घेण्यास सिद्ध असताना शेजारच्या झुपक्यातील परागकोश फुटलेले असतात. म्हणजे एकाच झाडाच्या दोन फुलांतील परागणाला या व्यवस्थेने प्रतिबंध होत नाही. त्या परागणातून फलन होते की झाड स्वतःचा पराग नाकारते, हे निराळ्या प्रयोगाने ठरवावयाचे असते आणि निरनिराळ्या प्रदेशांतील झाडांवर ते स्वतंत्रपणे ठरवावे लागते. आणखी एक शक्यता बहुतेक लेखनात विचारातही घेतलेली नसते. पुष्पमुकुट गळताना त्याची परागकोशांनी भरलेली नळी किंजलाच्या सबंध लांबीवरून घसरत खाली येते. त्या क्षणी किंजल्क अजून ग्रहणक्षम असेल तर फूल गळतानाच स्वतःचे परागण करून घेईल. नसेल तर तो स्पर्श निष्फळ होईल. या दोहोंत फरक करावयाचा तर किंजल्काची ग्रहणक्षमता तासातासाने तपासली पाहिजे. हा फरक विद्वत्तेच्या हौसेपुरता नाही. शेताच्या बांधावर एकट्या उभ्या असलेल्या मोहाला फळ धरेल की नाही, हे त्यावर अवलंबून आहे, आणि महाराष्ट्राच्या पूर्व भागातील कितीतरी मोह आज असेच एकटे उभे आहेत.

परागण कोण करतो, या प्रश्नाच्या बाबतीतही ‘फुलावर येणारा’ आणि ‘परागण करणारा’ यांची गल्लत नेहमी होते. सकाळी मोहाखाली उभे राहिले तर मधमाश्या, मुंग्या, पाखरे हे सर्व दिसतात. परंतु दिवसा जे दिसते ते रात्रीच्या भोजनाचे अवशेष असतात. फुलांचा फिकट रंग, रात्रीचा उग्र गोड वास, पर्णहीन डहाळ्यांच्या टोकांशी मोकळ्या हवेत लोंबणारे झुपके, ही सर्व लक्षणे रात्री उडणाऱ्या मोठ्या प्राण्याकडे बोट दाखवतात, आणि तो प्राणी म्हणजे फळभक्षी वटवाघूळ. दक्षिण भारतातील मोहावर वटवाघळांच्या भक्ष्यशोधनाचा व परागणाचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्याने या संबंधाला निरीक्षणाचा आधार दिला. वटवाघूळ मोहाच्या मधासाठी येत नाही. ते पुष्पमुकुटच खाते. आखूड नाकाचे लहान वटवाघूळ मुकुट तोंडात धरून उपटते आणि दूरच्या बसण्याच्या जागी नेऊन त्याचा रस चोखते. मुकुट तोंडात धरण्यासाठी त्याला लोंबणाऱ्या किंजलावरूनच यावे लागते, त्यामुळे अगोदरच्या फुलांचा मुखावर व गळ्यावर माखलेला पराग किंजल्काला लागतो.

मोहाच्या पुनरुत्पादनाचे मर्म येथे आहे. इतर बहुसंख्य वनस्पती परागण करणाऱ्याला मध देतात आणि पाकळ्या राखतात. मोह पाकळ्याच देतो. त्याने आपला पुंभाग गोड मांसल आवरणात बसवून देऊ केला आहे आणि स्त्रीभाग त्यापासून असा सुटा ठेवला आहे की भक्ष्य उपटले तरी किंजपुटाला इजा होऊ नये. जी रचना फूल खाल्ले जावे म्हणूनच घडली, ती फूल खाल्ल्याने नष्ट होते असे म्हणणे विसंगत आहे. माणसाच्या संग्रहाचे स्थानही यावरून निश्चित होते. वटवाघळांनी उपटून नेलेले मुकुट बहुतांशी झाडाखाली पडतच नाहीत. पहाटे जे खाली पडतात ते न नेलेले, आपण होऊन गळलेले. त्यांवर अस्वल, चितळ, भेकर यांचाही वाटा असतो. माणूस तेथे शेवटी पोहोचलेला एक पाहुणा आहे. त्याने गळलेले मुकुट उचलल्याने त्या फुलाच्या फलनात काडीचाही फरक पडत नाही, कारण फलनाचा प्रश्न तोवर फांदीवर सुटलेला असतो. फांद्या झोडपून किंवा वाकवून न गळलेली फुले पाडली, तर मात्र हा न्याय लागू पडत नाही. त्यात कळ्यांसह सबंध झुपके तुटतात.

कायद्याने या परागवाहकाला कसे वागवले, हेही नमूद करण्याजोगे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात फळभक्षी वटवाघळे कावळे आणि उंदीर यांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राणी म्हणून बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. म्हणजे पन्नास वर्षे एका बाजूला मोहाच्या घटत्या संख्येविषयी चिंता व्यक्त होत होती आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या फळधारणेचा मुख्य साह्यकर्ता संरक्षणाच्या बाहेर होता. फुलाच्या बाबतीत कायदा याहून फारसा सूक्ष्म नव्हता. १८९२ च्या मुंबई ‘म्हौरा’ कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले ते चोरट्या दारूच्या भयाने. त्या कायद्याला फूल दिसले ते दारूचा कच्चा माल म्हणून. पुढील काळातील जंगलविषयक लेखनाने त्याच निर्बंधाला पुनरुत्पादनाचे कारण जोडले, तेव्हा एका अबकारी धोरणाला वनस्पतिशास्त्राचा अंगरखा घातला गेला, असे म्हणणे भाग आहे.

यावरून दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सिद्ध झाले असे मात्र कोणी समजू नये. फूल वेचणे निरुपद्रवी आहे, म्हणून मोहाचा सर्व संग्रह निरुपद्रवी आहे, हे अनुमान पहिल्या अनुमानाइतकेच सदोष आहे. गोळा करणाऱ्यांच्या बोलीत हा भेद स्पष्ट आहे. जे चैत्रात वेचतात तो ‘मोह’, आणि जे ज्येष्ठ-आषाढात गोळा करतात ती ‘टोळ’ किंवा ‘टोळंबी’. कोकणात बियांना ‘मोहट्या’ म्हणतात. ज्यांनी या दोन संग्रहांना दोन नावे दिली त्यांच्याविषयी लिहिताना अभ्यासकांनी दोहोंना ‘मोहाचे गौण वनोत्पादन’ अशा एकाच शीर्षकाखाली टाकावे, हे आश्चर्यकारक आहे. टोळीचा संग्रह फुलाच्या संग्रहाहून जीवशास्त्रदृष्ट्या सर्वस्वी भिन्न आहे. किंजपुटात सहा ते आठ कप्पे असून प्रत्येकात एकच बीजक असते. त्यांपैकी फळात पक्व बी होते ते एक ते चार. म्हणजे झाडाने स्वतःच बीजकांची मोठी छाटणी केलेली असते, आणि जे उरते ते सर्व तेलासाठी घाणीवर जाते.

मोहाच्या बियांचा स्वभाव या प्रश्नाला आणखी धार आणतो. ज्या बिया वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येतात त्यांतल्या या नव्हेत. त्या तेलाने आणि ओलाव्याने भरलेल्या असून वाळवल्या की मरतात. झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच त्यांची रुजण्याची शक्ती ओसरते. त्यामुळे मातीत गेल्या वर्षीच्या, त्याच्या अगोदरच्या वर्षीच्या जिवंत बियांचा साठा राहत नाही. पहिल्या पावसाच्या वेळी जी बी जमिनीवर असेल तीच रुजेल, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात ती गोळा केली जाते. प्रतिवर्षी सारखे फळ येत नाही, ही अडचण वेगळीच. एखाद्या वर्षी टोळ भरपूर धरते तेव्हा संग्रहही तितकाच कसून होतो. जे रोपांचे वर्ष व्हावयाचे ते तेलाचे वर्ष होते.

दुसरे कारण फुलाच्या संग्रहाशी निगडित आहे, परंतु फुलाशी नव्हे. गळलेले मुकुट पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून मोहाच्या बुंध्याभोवतीची जमीन हंगामापूर्वी जाळून साफ करण्याची चाल आहे. त्या विस्तवात गेल्या पावसाळ्यात उगवलेली रोपे आणि त्यापूर्वीची कोवळी झाडे जळून जातात. फूल वेचल्याने मोहाला अपाय होतो असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश असेल तर तो एवढाच, आणि तोही वेचण्याचा नसून झाडण्याच्या सोयीचा आहे. पाचोळा झाडूने ओढून घेतला किंवा झाडाखाली जाळे वा कापड बांधले तर हे टळते. ज्या लेखकांनी विस्तवाचा दोष फुलाच्या माथी मारला त्यांनी उपायाचीही दिशा चुकवली. बंदी आली ती वेचण्यावर, आणि विस्तव राहिला.

या सर्वांचा परिणाम म्हणून मोहाच्या समूहांत वयाचा एक विलक्षण असमतोल दिसतो. फुलांसाठीच लोकांनी मोह तोडला नाही. शेत काढताना सागवान गेले, ऐन गेला, मोह राहिला. त्यामुळे मोठी, जुनी, भरपूर फुलणारी झाडे पुष्कळ आणि मधल्या वयाची झाडे विरळ असे चित्र ठिकठिकाणी आढळते. फुलांचे उत्पन्न पाहणाऱ्याला या समूहात काहीच बिघडलेले दिसत नाही, कारण म्हातारे झाड फुलतच राहते. फुलांच्या मोजमापावर आधारलेले सर्व निष्कर्ष म्हणूनच फसवे आहेत. मोजावयाची ती फुले नव्हेत, रोपे होत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोत्पादनाची मालकी ते गोळा करणाऱ्यांकडे दिली आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हापासून काय वेचावे आणि काय राखावे, हा निर्णय ग्रामसभांच्या कक्षेत येऊ लागला आहे. त्या निर्णयाला उपयोगी पडेल असे ज्ञान विद्यापीठीय संशोधनाने पुरवावयाचे तर ‘मोह संग्रहाचे परिणाम’ अशा गोळाबेरीज विषयांवर प्रबंध लिहून ते साधणार नाही. त्यासाठी लागणारी सामग्री अल्प आहे. पुष्पमुकुट गळाला तरी देठावर संवर्त आणि किंजल काही काळ राहतात; म्हणजे प्रत्येक गळलेल्या फुलाची पावती झाड स्वतःच फांदीवर ठेवते. काही डहाळ्यांना चिंधी बांधून चैत्रात हे संवर्त मोजले आणि ज्येष्ठात त्याच डहाळ्यांवरील फळे मोजली, तर फळधारणेचे प्रमाण कोणत्याही उपकरणावाचून हाती येते. काही झुपक्यांना वटवाघळे शिरणार नाहीत पण कीटक शिरतील अशी रुंद छिद्रांची जाळी आणि काहींना दाट कापडाची पिशवी बांधली, तर परागवाहकाचा आणि स्वपरागणाचा प्रश्न एकाच हंगामात बराचसा उकलतो. यांत घ्यावयाची दक्षता एवढीच की पिशवी कळीतून किंजल्क बाहेर येण्यापूर्वी बांधली पाहिजे. फूल उमलल्यावर बांधलेली पिशवी मोहाच्या बाबतीत एक रात्र उशिरा बांधलेली असते. बांधावरील एकाकी झाड आणि जंगलातील समूहातील झाड ही दोन्ही निवडली पाहिजेत. त्याच झाडांखाली, निम्म्या जागेतील टोळ उचलून आणि निम्म्या जागेतील तशीच ठेवून, आश्विनात रोपांची मोजणी करावी लागेल, आणि ती जागा पुढील फाल्गुनात कोणी जाळू नये यासाठी गावाची संमती अगोदर घ्यावी लागेल.